अर्धी गोळी

अण्णांनी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली. कराड-चिपळूण हा त्यांचा लाडका रूट. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला, तेव्हा तेच अण्णा रात्र रात्र पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी गादी धरून बसून राहायचे, कारण आडवं व्हायला गेलं की कळ यायची. कसं दुखतं विचारलं तर म्हणायचे, "आतनं ठणकतंय सारखं. आन् हललं की सणक जाते पायापतूर."

पहिल्या दवाखान्यात सांगितलं, "या आजारात दुखणारच, सहन करा." सोबत तापाला देतात ती पांढरी गोळी. दुसरीकडे वेदनाशमनाच्या ओपीडीत एक डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी अण्णांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं आणि मॉर्फिन लिहून दिलं, अफूपासून बनणारं दुखण्यावरचं औषध. घरी आल्यावर आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "म्हणजे आता शेवटचंच." अण्णा म्हणाले, "अफू खाऊन मरायचं न्हाई मला." ती स्ट्रिप चार दिवस कपाटात पडून राहिली. मी बावीस वर्षं बारावीला सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, शिकवते, आणि चार दिवस मीही ती गोळी काढून दिली नाही. त्याचं वाईट आजही वाटतं, म्हणून हे लिहितेय.

पाचव्या रात्री त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना समजेल असं सांगायला लागले. अण्णा, कमरेतून निघालेली दुखण्याची गाडी थेट मेंदूत जात नाही. पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत तिला गाडी बदलावी लागते. पहिली चेतापेशी तिथे रसायन सोडते, ते दुसरीला मिळालं की निरोप पुढे जातो. मॉर्फिन त्या स्टँडवर दोन्हीकडून काम करतं. पहिल्या पेशीत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे रसायन कमी सुटतं. दुसऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊ देतं, त्यामुळे ती शांत राहते, सहजासहजी पेटत नाही. मणक्यातली गाठ जागेवरच असते, पण तिची ओरड वर पोचताना बारीक होते.

"पर ती अफूच ना?" अण्णा अडून होते.

अफूच. पण अफूला बसेल असं कुलूप आपल्या पेशींवर का असावं? खसखशीच्या बोंडासाठी तर नक्कीच नाही. 1973 साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत हे रिसेप्टर दाखवले. मग कुलपाची मूळ किल्ली शरीरातच असणार, म्हणून शोध सुरू झाला. 1975 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ती काढली : एन्केफलिन, जेमतेम पाच अमिनो आम्लांची साखळी. पुढे एंडॉर्फिनही सापडलं. त्या नावाचा अर्थच मुळी 'आतलं मॉर्फिन'. बोंडातला चीक योगायोगाने त्या कुलपाला बसतो, इतकंच.

मग त्यांना कुंभार्ली घाटाची आठवण करून दिली. गाडी तापली म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि वाफेने डावा हात कोपरापर्यंत भाजला. गाडीत पन्नास माणसं. अण्णांनी हाताला ओला टॉवेल गुंडाळला आणि गाडी चिपळूण डेपोत नेऊन लावली. सांगताना दरवेळी म्हणायचे, "उतरल्यावर ठणका लागला, घाटात कायबी न्हाई." संकटात मेंदू वरून खाली हुकूम सोडतो. मध्यमेंदूतल्या एका भागापासून मेरुरज्जूपर्यंत ती वाट येते, आणि दुखण्याचा निरोप खालीच दाबला जातो. शरीराच्या या घरच्या मॉर्फिनचा त्यात मोठा हात असतो, जोडीला इतर रसायनंही असतात. पण ही सोय तेवढ्या वेळेपुरती. महिनोन्‌महिने चाललेल्या कॅन्सरच्या दुखण्याला शरीराचं आपलं आपण पुरं पडत नाही.

आई तेव्हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्या हातालाही शास्त्र आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलं की स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू मेरुरज्जूतलं दार दुखण्यासाठी थोडं लोटून घेतात. आपटलेलं ढोपर आपण चोळतो ते उगाच नाही. आणि आता बरं वाटेल हा भरवसासुद्धा रसायन होऊनच उतरतो. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना नुसतंच खोटं औषध दिलं, तरी काहींना उतार पडला. मॉर्फिनचं कुलूप अडवणारं नॅलॉक्झोन दिल्यावर त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे तो उतार खरा होता, आतूनच आलेला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दे."

दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोनला उठवायला नको. कालनिर्णयच्या चौकोनात मी पेन्सिलीने टिका करायचे. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून द्यायची, हे मॅडमनी बजावलं होतं. पहिले दोन दिवस गुंगी आणि मळमळ होती, ती ओसरली. बद्धकोष्ठ मात्र गेलं नाही, कारण तीच कुलपं आतड्यातही असतात आणि ती सरावत नाहीत. पोट साफ होण्याची गोळी म्हणूनच पहिल्या दिवसापासून. चौथ्या दिवशी मॅडमनी अर्ध्याची पूर्ण केली.

भीती अगदीच खोटी नाही. जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून थोड्यापासून सुरुवात, वाढवायची ती डॉक्टरांनीच, आणि स्ट्रिप कुलपात. एकदम बंदही करायची नाही, शरीराला सवय झालेली असते. पण ही सवय म्हणजे व्यसन नव्हे. अण्णांनी वेळेआधी एकदाही गोळी मागितली नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. नीमच-मंदसोरच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते, आणि गावच्या मेडिकलवाल्याने मला "असलं आम्ही ठेवत नाही" म्हणून वाटेला लावलं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने व्यसनाबरोबर औषधाचीही वाट अडवली. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना परवाने सोपे केले, तरी मला दर पंधरा दिवसांनी सांगलीला खेप पडायची. ज्याच्या घरात जायला कोणी नाही, त्याने काय करायचं?

पाचव्या रात्री घेतलेल्या त्या अर्ध्या गोळीनंतर तासाभराने अण्णांनी गादीवरचे हात सोडले. आईने उशी सारली आणि ते हळूहळू आडवे झाले. आम्ही दोघी दिवा न लावता बसून होतो, श्वास मोजत. सहाला त्यांना उठवावं लागलं.

दिवाळीत ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. आई अनारसे थापत होती. त्यांनी ताटलीतली चिमूटभर खसखस तळहातावर घेतली, बोटाने पसरली.

"हीच ना ती?"

"झाड तेच, अण्णा. औषध बोंडाच्या चिकात असतं, बियांत नाही म्हटलं तरी चालेल."

त्यांनी ती तोंडात टाकली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पाण्यासाठी हात पुढे केला. दहा वाजले होते.