हेडलाइट लावले की पेट्रोल वाढतं! (मीटर न बदलता सुटलेली भानगड)

आमची गाडी जुनी, काट्यांच्या मीटरवाली, आणि राहायला रत्नागिरी, म्हणजे खारी हवा आणि पाऊस दोन्ही फुकट. पावसाळ्यानंतर एक चाळा सुरू झाला. हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे वर. इंडिकेटर दिला की ठेक्यावर लेझीम. लाइट बंद केले की सगळं जागच्या जागी. फ्यूज बघितले, ठीक होते. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास, म्हणजे अल्टरनेटरही ठीक.

आता सर्व्हिस सेंटरचं ऐका, कारण डोकं फिरलं ते तिथंच. अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला, एरर नाही म्हणाला आणि लगेच, "सर, मीटर असेंब्ली गेलीय, पूर्ण बदलावी लागेल." मी म्हटलं अहो, लाइट बंद केले की तेच मीटर बरोबर दाखवतं, मग गेलं कसं? तर "सर, आतला सर्किट प्रॉब्लेम असतो तो." कुणी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) हातात घेतला नाही. एस्टिमेट मात्र टाईप होऊन आलं, अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स, पार्ट पुण्याहून येणार. मग रोज फोन. आज नाही, उद्या नाही, पार्ट या लॉटमध्ये नाही, साहेब मीटिंगमध्ये. मधेच कळलं की नवीन मीटरमध्ये किलोमीटर शून्यापासून सुरू होणार! उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा मलाच चोर म्हणेल ना? मी म्हटलं जुनं रीडिंग जॉब कार्डवर लिहून सही-शिक्का द्या, तर "तशी आमची पद्धत नाही". (कुणाला खरंच मीटर बदलावं लागलं तर हे आधी लिहून घ्या, आणि जुन्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.) मुळात जुन्या गाडीत अर्थिंग (गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) सैल असली तर स्कॅनरला काय कळणार, तो फक्त कंप्युटरने नोंदलेल्या चुका वाचतो. हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. मोजायला वेळ जातो, पार्ट बदलला की बिल होतं.

शेवटी वैतागून गाडी उचलली आणि नाक्यावरच्या वायरिंगवाल्या काकांकडे नेली. ते ऐकूनच म्हणाले, "दोन काटे एकदम नाचतायत ना, मग टाकीतला फ्लोट नाही, सेन्सर नाही, दोघांचं सामाईक काय ते बघायचं." सामाईक म्हणजे सप्लाय आणि अर्थिंग. एकच काटा चुकत असता तर सेन्सरपासून सुरुवात केली असती म्हणाले.

मग त्यांनी मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मीटरच्या अर्थिंगच्या वायरला लावली, आणि मला हेडलाइट, इंडिकेटर सगळं लावायला सांगितलं. तिथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवं, दिसलं सव्वाच्या वर. लाइट बंद केले की आकडा खाली. ओहमवर कंटिन्युइटी (वायर जोडलेली आहे की नाही एवढंच) बघून समाधान मानू नका, वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मल्टीमीटर बीप देतो, लाइट वगैरे लावून लोड आला की मगच खरं कळतं.

किक पॅनलमागचा (डॅशबोर्डखाली पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागचा) अर्थिंगचा बोल्ट काढला तर खाली हिरवा-तांबडा गंज. पाणी आलं कुठून? वायपरखालच्या जाळीत पानं अडकून निचरा बंद, ते पाणी आतून खाली झिरपायचं. बोल्ट-पत्रा घासून लखलखीत केला, वायरीच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी कडी) टाकला, बोल्ट कसला, वरून पेट्रोलियम जेली. काटे गप्प! बिल ऐकून मीच जास्त दिले.

हां, एक राहिलं. डॅशबोर्डखाली हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पिवळ्या कनेक्टरला अजिबात हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं. मोजताना अर्थात बॅटरी जोडावीच लागते, पण तेव्हाही पिवळ्याकडे पिन न्यायची नाही. आणि जाळीतली पानं पावसाआधी काढा, विशेषतः गाडी झाडाखाली लागत असेल तर.

अ‍ॅडव्हान्स अजून मिळालेला नाही. पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये अ‍ॅडजस्ट करू म्हणतायत, मी लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय.