लेथवरून पंपाकडे: आमची वाटचाल

मी आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातणारा. 1989 साली ठाण्यात एका कंपनीत चिकटलो आणि 2003 साली व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली म्हणायचं, यादीत नाव आधीच लागलं होतं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. 1982 च्या संपानंतर त्यांना परत आत जायला मिळालंच नाही, त्यामुळे आमच्या घरात अशा बातमीची सवय होती. आई एवढंच म्हणाली, "पैसे बँकेत टाक आणि भावकीत बोलू नको."

मी ते पैसे जुन्या लेथमध्ये घातले. ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत भाड्याने गाळा घेऊन जॉबवर्क, म्हणजे कारखान्यांचे सुटे भाग कातून द्यायचं काम, सुरू केलं. काम यायचं, पैसे यायचे नाहीत. लहान उद्योगांचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं असं 2006 च्या कायद्यात लिहिलंय; आम्ही चेकसाठी चार-चार महिने चपला झिजवल्या. त्यात काम देणारे कारखानेच एकेक करून हलले आणि त्या जागांवर टॉवर चढायला लागले.

अशाच एका टॉवरचा वॉचमन 2009 मध्ये पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, घेऊन आला. त्यावरची स्लीव्ह, म्हणजे शाफ्ट झिजू नये म्हणून बसवलेली नळी, खरवडलेली. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा, म्हणाला. मी नवी स्लीव्ह काढून दिली, पण चैन पडेना म्हणून संध्याकाळी पंपरूममध्ये जाऊन पाहिलं. मोटर आणि पंप एका रेषेत नव्हते. दोघांना जोडणाऱ्या कपलिंगला डायल गेज लावला तर काटा नाचतोय! मोटरखाली पातळ पत्रे सारून दोन तासांत रेषा जुळवली. पुढे चार वर्षं त्या पंपाची तक्रार आली नाही. सेक्रेटरींनी शेजारच्या दोन सोसायट्यांना आमचा नंबर दिला, आणि धंदा तिथून बदलला.

हात तेच होते, बोलायला मात्र नव्याने शिकावं लागलं. लेथ कधी विचारत नाही, "अजून किती वेळ?" एकदा सकाळी सहाला फोन आला, मोटर फिरतेय पण टाकीत थेंब नाही. उतरून बघतो तर पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या, म्हणजे फूटव्हॉल्व्हच्या, जाळीला दुधाची पिशवी चिकटलेली. काढली, पंपात पाणी भरलं, चालू. बिल 450 रुपये. खजिनदार म्हणाले, "पिशवी काढायचे साडेचारशे?" मला उत्तर सुचेना, दोनशे घेऊन परतलो. कारखान्यात माझ्या कामाचा भाव मला कधी सांगावाच लागला नव्हता. हिशेब बायको बघते. तिने त्याच रात्री दरपत्रक टाइप केलं. पहिली ओळ, "व्हिजिट चार्ज". आता ते सोसायटीशी होणाऱ्या देखभालीच्या कराराला जोडूनच देतो.

एक मात्र खटकतं. नुसता माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट, सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंतच. घाम दोघांचा सारखाच की!

आज आम्ही सहा जण 38 सोसायट्यांचे पंप सांभाळतो. लॉकडाऊनमध्ये इस्टेट बंद होती, आमचे फोन वाजत होते. आमच्या सहा जणांतली दोन मुलं आयटीआयचीच आहेत. त्यांना पहिला महिनाभर पान्याला हात लावू देत नाही, फक्त पंपाचा आवाज ऐकायला बसवतो. वैतागतात. लेथ अजून गाळ्यात आहे. भंगारवाला दर दिवाळीला भाव विचारून जातो, आणि आम्ही त्याला चहा पाजतो.