एक बाळ, तीन केसपेपर

लोकमान्य नगरातल्या एका मराठी कुटुंबाने दहा महिन्यांचे बाळ माझ्या ओपीडीत आणले, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती की ते चमच्याने काही खात नाही. वजन ठीक होते, गाल गुबगुबीत होते, आणि म्हणूनच आधीच्या डॉक्टरांनी लोहाचे टॉनिक लिहून त्यांना घरी पाठवले होते. मला खटकला तो बाळाचा चेहरा. आई समोर टाळ्या वाजवत होती आणि बाळ तिच्याकडे पाहतही नव्हते. बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडलेली, केस विरळ आणि भुरे, जीभ गुळगुळीत होती आणि हात थरथरत होते. झोपेत ही थरथर थांबते का, असे विचारल्यावर आजींनी लगेच हो म्हटले. सहाव्या महिन्यात हसणारे, कुशीवर वळणारे हे बाळ आता मानही नीट सावरत नव्हते.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावाने अंगावरच्या दुधावरील बाळांना होणाऱ्या या विकाराचे वर्णन वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये केले होते. तरीही तो निसटतो, कारण आपण वजनाच्या तक्त्यावर फार विसंबतो आणि बाळाच्या नजरेकडे फार कमी पाहतो.

शाकाहारी घरात बी-१२ मिळते ते मुख्यतः दूधदह्यातून. पण आईच्या आहाराची चौकशी करताना ‘दूध पिता का?’ असे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. घरात किती पिशव्या येतात आणि कोणाच्या पेल्यात काय जाते, हे मी विचारतो. इथे सांची दुधाच्या दोन पिशव्या येत होत्या. त्यांतून सगळ्यांचा चहा, आजोबांचे रात्रीचे दूध आणि मोठ्या मुलीचे सकाळचे दूध निघे. आईच्या वाट्याला चहातले दोन घोट येत. दही घरी लावले जाई, पण ती सर्वांत शेवटी जेवायला बसे तेव्हा ते उरत नसे. अंडी घरात येत नव्हती. शिवाय गरोदरपणापासून ती अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत होती, आणि अशा गोळीने अन्नातले बी-१२ शोषले जाणे आणखी घटते. गरोदरपणात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. त्या गोळ्या तिने नेमाने घेतल्या होत्या. शाकाहारी गरोदर बाईला दुधादह्याचा हिशेब कोणी का विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

एवढ्यात आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मी कधीची सांगते आहे, हिच्या दुधात कसच नाही. डब्याचे दूध सुरू करा.” आई खाली मान घालून बसली. अडचण अशी होती की आजींच्या बोलण्यात तथ्य होते. आईच्या शरीरातच बी-१२ नसेल तर तिच्या दुधात ते कुठून येणार? पण त्या क्षणी मी होकार दिला असता तर तिचे अंगावर पाजणे बंद झाले असते आणि दोषही कायमचा तिच्या माथी बसला असता. मी आजींनाच त्यांच्या तब्येतीविषयी विचारले. मधुमेहासाठी त्या कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेत होत्या आणि तळपायांना मुंग्या येत होत्या. मेटफॉर्मिननेही बी-१२ घटते. मी तीन केसपेपर केले आणि तिघांचेही रक्त तपासायला पाठवले. तिघांचेही बी-१२ कमी आले. अहवाल सर्वांसमोर ठेवून मी म्हणालो, “आजी, औषध तुम्हा तिघांनाही हवे आहे.” त्यानंतर डब्याचा विषय निघाला नाही.

बाळाला दाखल करून घेतले. रक्ताचा नमुना आधी आणि इंजेक्शन नंतर, हा क्रम मी मोडू देत नाही. सुरुवात छोट्या मात्रेने केली, कारण नव्या रक्तपेशी झपाट्याने बनू लागल्या की रक्तातले पोटॅशियम उतरू शकते. थरथर काही दिवस वाढूही शकते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवले. अशा बाळांना नुसते फॉलिक अ‍ॅसिड देणे घातक असते. त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जासंस्थेची हानी मात्र चालूच राहते. तिसऱ्या दिवशी बाळ आईच्या आवाजाकडे वळले आणि हसले. एवढ्या वर्षांनंतरही हा बदल पाहताना मला भरून येते. रक्त काही आठवड्यांत भरून येईल. बोलणे आणि समज पूर्णपणे सावरेल का, याची खात्री मी वडिलांना दिली नाही, कारण काही मुले मागे राहतात.

पुढच्या भेटीला आई एकटीच आली. “खरं सांगा, माझ्या दुधामुळेच झालं ना?” मी म्हणालो, “तुमच्या दुधात बी-१२ कमी होते हे खरे आहे. ते कमी होते, कारण तुमच्या ताटात ते पोचतच नव्हते. आता तुमची इंजेक्शने चालू आहेत. पाजणे चालू ठेवा.” थोडे थांबून तिने विचारले, “हेच घरच्यांसमोर सांगाल का?”

आजार तिघांवर वाटून मी तिला दोषातून सोडवले होते. पण त्यामुळेच त्या दोन पिशव्यांच्या वाटणीबद्दल बोलायचे राहून गेले होते. पुढच्या भेटीला मी तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावले आहे. आजींना न दुखावता, आणि घरी परतल्यावर सुनेला त्याची किंमत मोजावी लागणार नाही अशा रीतीने, हे कसे मांडायचे याचाच विचार मी अजून करतो आहे.