ओल्या बकरीचा वास

गेल्या वर्षी नवरात्रात भाची राहायला आली होती. पार्लरचा सहा महिन्यांचा कोर्स नुकताच संपवलेला, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या भुवयांकडे ती संशयाने बघायची. अष्टमीच्या दिवशी तिने माझ्या आरशापुढचा मग उचलला, त्यातला मेकअपचा एक ब्रश नाकाशी नेला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मावशी, हे तू तोंडाला लावतेस?"

आता यावर काय बोलणार? "शेवटचे कधी धुतलेस?" मी आठवायला लागले. दिराच्या मुलीच्या साखरपुड्याच्या आधी धुतले होते, की साखरपुड्यानंतर धुवायचे असं ठरवलं होतं? तोंड धुण्याची माझी शिस्त कडक आहे. सकाळ-संध्याकाळ फेस, गार पाणी, धुतलेला नॅपकिन. नॅपकिनला जरा कुबट वास आला तरी मी तो बादलीत टाकते. ब्रश मात्र 'कोरडाच तर असतो' या सदरात सुखाने राहत होते. कोरडं ते स्वच्छ हा आमच्याकडचा जुना समज. आईच्या पावडरच्या डब्यात एक गुलाबी पफ होता. माझ्या जन्माच्या आधीपासून तो डब्यात होता, मी दहावी झाले तेव्हाही होता आणि मधल्या काळात त्याला पाणी लागल्याचं कुणाला आठवत नाही. डबे बदलले, पफ तोच.

"अमेरिकेतले त्वचेचे डॉक्टर म्हणतात, दर 7 ते 10 दिवसांनी धुवा," भाचीने ऐकवलं. चेहऱ्याचं तेल, मेलेली त्वचा, जंतू, मग पुटकुळ्या, असं सगळं साग्रसंगीत सांगून झाल्यावर तिने बेसिनपाशी स्टूल ओढलं आणि मला बसवलं.

पावडरचे ब्रश गरीब असतात. कोमट पाणी, तळहातावर थेंबभर बेबी शाम्पू, त्यात ब्रश गोल गोल फिरवायचा, की झालं. पहिलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं निघतं. गालांच्या लालीचा ब्रश आमसुलाचं सार काढतो. डोळ्यांवरच्या बारक्या ब्रशांतून निळं, हिरवं, मोरपंखी काय काय येतं; त्यातला हिरवा मी कधी लावला होता हे अजून आठवलेलं नाही. फाउंडेशन लावायचा स्पंज पिळला तर दुधाचा चहा, तोही टपरीवरचा, दाट. पिळत राहिलं तरी चहा संपत नाही. शेवटी भाचीने तो स्पंज चिमटीत धरून सरळ कचऱ्याच्या डब्यात सोडला.

सगळ्यात बेरड फाउंडेशनचा ब्रश. त्याच्या मुळाशी बसलेला थर शाम्पूला दाद देत नाही. मी नखाने उकरायला लागले तशी भाची म्हणाली, "अगं, आधी तेल चोळ. तेलकट आहे ते, नुसत्या पाण्याने कसं निघेल? मग भांड्यांचं लिक्विड, एकच थेंब." खोबरेल तेलाचं बोट त्या केसांवरून फिरवलं आणि दोन मिनिटांत तो थर लोण्यासारखा सुटून आला.

आणि मला आजी दिसली. ती कपाळाला आधी मेण लावायची आणि त्यावर पिंजर. आंघोळीच्या आधी ते मेण काढायला खोबरेल तेलाचंच बोट, मग पदराचं टोक. कोर्स न करता तिला हे कुणी सांगितलं असेल? अर्थात आजीला ब्रश धुवायचा प्रश्नच नव्हता. तिचा ब्रश म्हणजे उजव्या हाताचं मधलं बोट, आणि ते दिवसातून वीस वेळा धुतलं जायचं.

खरी गोम धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. हे मी स्वतःच्या गालावर शिकले आहे. दोनेक वर्षांपूर्वी लोकलच्या लेडीज डब्यात शंभर रुपयांना पाच ब्रश घेतले होते. धुवायला काढले तर काळं पाणी थांबेना. किती हा मळ, म्हणून मी खजील. चौथ्या पाण्याला लक्षात आलं की तो मळ नव्हता, केसांचा रंगच उतरत होता. मग ते ब्रश मी नीट, केस वर करून, पेल्यात उभे ठेवले, फुलदाणीत फुलं ठेवावीत तसे. ब्रशचे केस आणि दांडा जिथे जुळतात तिथे पत्र्याची नळी असते आणि आत गोंद. उभ्या ब्रशातलं पाणी ओघळून त्या नळीत उतरतं आणि गोंद सोडवतं. लगेच काही दिसत नाही. दिसलं ते एका लग्नात, वधूपक्षाच्या खोलीत, आठ बायका एका आरशात बघत असताना. मी गालावर जरा जोरात ब्रश फिरवला आणि ब्रशचं मुंडकं माझ्या मांडीवर पडलं. हातात दांडा, गालाला चिकटलेले दहा-बारा काळे केस. कुणाची तरी आत्या म्हणाली, "अगबाई, मिशी फुटली!"

तर ब्रश डोकं खाली करून वाळवायचे, नाहीतर निदान उतरते आडवे ठेवायचे. हे भाचीने सांगितलं तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं, कारण आमच्या घरात रोजच्या रोज धुतला जाणारा एक ब्रश होता. बाबांचा दाढीचा. दाढी झाली की ते तो नळाखाली धरायचे, तीन झटके मारायचे (आरशावर शिंतोडे, त्यावरून आईची बडबड) आणि मोरीतल्या खिळ्याला सुतळीच्या फासात उलटा टांगायचे. केस खाली, दांडा वर. वीस वर्षं मी तो फास रोज बघत दात घासले. बघितलं म्हणजे कळलं असं नसतंच म्हणा.

माझ्याकडे एकच भारी ब्रश आहे. बकरीच्या केसांचा, मैत्रिणीने हिरोशिमाजवळच्या कुमानो गावाहून आणलेला. हे गावच कुंचल्यांचं. डोंगरात शेती तुटपुंजी, म्हणून तिथले शेतकरी रिकाम्या दिवसांत बाहेरगावी जायचे आणि परतताना लिहायचे कुंचले आणि शाई विकायला आणायचे. पुढे कुंचले स्वतःच बनवायला लागले. लिहिण्याचे कुंचले आणि चेहऱ्याचे कुंचले दोघांनाही तिथे 'फुदे' म्हणतात. आपल्याकडे कुंचला चित्रकाराचा. बाकी दात, बूट, भिंत, संडास आणि गाल, सगळ्यांना एकच 'ब्रश'. 2011 मध्ये जपानच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने सन्मानाबरोबर त्यांना कुमानोच्याच मेकअप ब्रशांचा संच भेट दिला होता. या ब्रशांच्या केसांची टोकं कापत नाहीत. नैसर्गिक टोकं जुळवून जुळवूनच आकार देतात, म्हणून ते गालाला लागतात की नाही तेही कळत नाही.

असा हा राजेशाही ब्रश ओला केला आणि न्हाणीघरात बकरी आली. अगदी पावसात भिजलेली बकरी, वासासकट. नवरा दारातून डोकावला आणि काही न विचारता परत गेला. भाचीनेही आता आवाज खाली आणला होता. याला भांड्यांचं लिक्विड नाही, गरम पाणी नाही, पिळायचं नाही. पंचात हलकेच टिपून घ्यायचं आणि बोटांनी आकार द्यायचा, तान्ह्या बाळाचं जावळ सारखं करावं तसा.

सगळे ब्रश आम्ही गॅलरीतल्या दोरीला चिमट्यांनी उलटे टांगले, एका रांगेत चौदा. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी हात करून विचारलं, "वटवाघळं पाळलीत का?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे पाटावर कात्री, विळी, पान्हे, शिवणयंत्राची बॉबिन, मुलाचा लॅपटॉप, सगळं मांडतात. भाचीने कोर्समध्ये मिळालेला तिचा ब्रशांचा पट्टा त्यात उलगडून ठेवला आणि मला म्हणाली, "तुझे आण ना." मी दोरीपाशी जाऊन चाचपले. बकरी अजून ओलीच होती. मग मीच हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन गॅलरीत गेले आणि आजीच्या त्या बोटाने एकेका दांड्याच्या टोकाला टिकली टेकवत गेले. दांडे वर होते ते बरं झालं, नाहीतर चौदाच्या चौदा परत धुवावे लागले असते.