डूलॉखच्या वाटेवर

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या लुईसबर्ग गावाहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पाऊस पडत नव्हता, पण हवेतच पाणी होतं. चष्म्यावर, भुवयांवर, पिशवीच्या बंदांवर बारीक थेंब साचत होते. आम्ही तिघंच. मी, नवरा आणि डब्लिनला आमच्या शेजारी राहणाऱ्या ७६ वर्षांच्या आजी. मी त्यांना नावानंच हाक मारते, इकडची रीतच तशी. मनात मात्र त्या आजीच आहेत, म्हणून इथंही आजीच लिहिते.

आळंदी ते पंढरपूर मी आईबरोबर दोनदा चालले आहे. त्यामुळे "मार्चअखेरीला मेयो परगण्यात चालायला येतेस का, वीस-बावीस किलोमीटर आहे," असं आजींनी विचारलं तेव्हा मनात आलं, म्हणजे वारीतला एका दिवसाचा टप्पा. मग ती वाट कसली आहे ते त्यांनी सांगितलं.

३० मार्च १८४९. बटाट्यावर करपा पडून आयर्लंडमध्ये दुष्काळ सुरू झाला, त्याचं चौथं वर्ष. लुईसबर्गमध्ये शेकडो भुकेली माणसं जमली होती, कारण मदत कोणाला मिळायची याची तपासणी करायला दोन अधिकारी येणार होते. ते आले, पण तपासणी न करताच पुढे डेल्फायच्या शिकारबंगल्यावर मुक्कामाला गेले. लोकांना निरोप मिळाला, उद्या सकाळी सातला तिकडे हजर राहा, नाहीतर मदत बंद. बंगला सुमारे १९ किलोमीटरवर. माणसं रात्रीच निघाली, वाऱ्यापावसात, अंगावर फाटकी वस्त्रं, पोटात काही नाही. तपासणीपुरतं जायचं आणि तसंच उलट यायचं. परतताना डूलॉख तळ्याच्या काठी माणसं पडत गेली. त्या वेळी वर्तमानपत्रात आलेल्या पत्रात बायकामुलांसकट सात मृतदेह रस्त्याकडेला सापडल्याचं आणि आणखी नऊ जण घरी पोचलेच नसल्याचं लिहिलं आहे. इथल्या लोकांच्या आठवणीतला आकडा मात्र शेकड्यांत आहे.

त्या वाटेनं आता दरवर्षी लोक स्मरणासाठी चालतात. आजी मात्र घोळक्यात जात नाहीत. त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्या प्रार्थनेत पुरोहित नसतो, भजन नसतं. सगळे शांत बसतात आणि आतून खरंच काही बोलावंसं वाटलं तरच उठून बोलतात. निघतानाच त्या म्हणाल्या, "पहिला विसावा येईपर्यंत न बोलता चालू या."

टाळ-मृदंगाशिवाय चालायची मला सवय नाही. दिंडीत दमलं की अभंग पाय उचलतो. इथं डाव्या हाताला दलदलीचं माळरान, उजवीकडे मेंढ्या, आणि रस्त्यावर तीन जोडी बुटांचा आवाज. पहिला तासभर ती शांतता मला बोचत होती. नंतर कधीतरी माझ्याही नकळत मी पावलांच्या ठेक्यावर मनात 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणायला लागले.

पहिल्या विसाव्याला डबा उघडला. पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. भाजी कसली केली आहे हे मला तिथं, त्या वाटेवर लक्षात आलं आणि हात थबकला. आजींनी माझ्याकडे पाहिलं, पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि म्हणाल्या, "खा. खाणंच योग्य आहे."

मग त्या बोलायला लागल्या. १८४६ च्या हंगामात बटाटा जवळजवळ सगळा गेला. ब्रिटिश सरकारनं रस्त्यांची कामं काढली होती. अशक्त माणसांनी खडी फोडायची आणि मग दाण्यापुरते पैसे मिळवायचे. (माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी पदरात बांधून आणायची. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.) आयर्लंडमध्ये तेव्हा क्वेकर होते जेमतेम तीन हजार. त्यांतल्या डब्लिनच्या व्यापाऱ्यांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये मदत समिती स्थापली. जोसेफ ब्यूली आणि जोनाथन पिम तिचे चिटणीस. इंग्लंड-अमेरिकेतल्या क्वेकरांना पत्रं गेली. पैसे आले, जहाजांतून मका आला. जवळजवळ तीनशे मोठाल्या काहिली गावोगाव धाडल्या गेल्या, आणि त्यांत सूप शिजायला लागलं तेव्हा सरकारची सूपकेंद्रं अजून उघडायची होती. एकंदर सुमारे २,००,००० पौंडांची मदत या चिमूटभर लोकांच्या हातून वाटली गेली.

आकडा मोठा आहेच. पण मला आजींच्या बोलण्यातली दुसरीच गोष्ट लागली. काही मिशनरी सूप देताना धर्म बदलायची अट घालत. 'ते सूप प्यायले' हा शब्दप्रयोग आयर्लंडमध्ये आजही शिवीसारखा लागतो. क्वेकरांवर तो डाग नाही. त्यांनी कोणाला पंथात ओढलं नाही. आपल्याकडे वाटेवर गावकरी "घ्या माउली" म्हणत भाकरी पुढं करतात, तेव्हा कोण कुठल्या जातीचा, कुठल्या दिंडीचा असं विचारत नाहीत. मी ती भाकरी खाल्ली आहे. हाताला कसलंही ओझं न लागता मिळालेलं अन्न कसं उतरतं, हे मला माहीत आहे.

त्यांनी नुसतं सूपच वाटलं असंही नाही. गॉलवेजवळच्या क्लॅडाच्या कोळ्यांनी भुकेपोटी जाळी गहाण टाकली होती. ती सोडवायला पैसे दिले. सलगमासारख्या पिकांचं बी वाटलं, म्हणजे सगळा संसार एका बटाट्यावर टांगलेला राहू नये. कॉर्कच्या समितीचे अब्राहम बील हे काम करता करता १८४७ मध्ये तापानं गेले.

पुढे वाट वर चढते आणि एकदम डूलॉख दिसतं. नावाचा अर्थच काळं तळं. एका बाजूला म्वीलरे डोंगर, दुसऱ्या बाजूला शेफ्री टेकड्या, मधल्या चिंचोळ्या दरीत ते पाणी. वारा असा की बोललेलं तोंडातून हिसकावून नेतो. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे आणि तिथं गांधीजींचं वचन कोरलेलं आहे. आपल्या बांधवांची मानहानी करण्यात माणसाला मान कसा काय वाटू शकतो, अशा अर्थाचं. इतक्या दूर, या ओसाड दरीत ते नाव वाचलं आणि मला रडू आलं. नवरा क्रूसासमोर चपलाबूट काढून वाकला. ओल्या गवतात त्याचे मोजे भिजले. आजी पाठमोऱ्या, तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वीस मिनिटं तरी. त्यांची प्रार्थनाच ती.

डेल्फायचा बंगला झाडीतून दिसला. तिथं आम्ही थांबलो नाही. माझी टाच सोलवटली होती, आणि मला वाटलं होतं चालणं इथं संपलं. आजी म्हणाल्या, "अजून थोडं. मला दाखवायचंय ते पुढे आहे."

पुढे म्हणजे बुंडोराहा. दोन-तीन किलोमीटरवर, किलरीच्या खाडीकाठी, आता मोजकी घरं. १८४७ च्या जानेवारीत विल्यम एडवर्ड फॉर्स्टर नावाचा २८ वर्षांचा इंग्लिश क्वेकर इथं आला होता. त्याचे वडील विल्यम फॉर्स्टर आणि जेम्स हॅक ट्यूक हे आधीच भर हिवाळ्यात पश्चिम आयर्लंड पालथा घालत होते, कुठं काय हवं ते डोळ्यांनी पाहून समितीला कळवायला. तरुण फॉर्स्टर पूर्वी या गावात येऊन गेला होता. तेव्हा जवळजवळ प्रत्येक झोपडीशी गाय होती, मेंढ्या-डुकरं होती. आता २४० वस्तीतली १३ माणसं उपासमारीनं गेलेली. गाई नाहीत, मेंढ्या नाहीत, कोंबड्या नाहीत, डुक्कर एकच उरलेलं. काही झोपड्यांतल्या बायकांना उभं राहवत नव्हतं. आणि त्यानं लिहून ठेवलं आहे की मागच्या खेपेला आपल्यावर भुंकलेली कुत्रीसुद्धा राहिली नव्हती.

हाच फॉर्स्टर पुढे क्वेकरांतून बाहेर पडला, मंत्री झाला, १८८० ला आयर्लंडचा कारभार त्याच्या हाती आला आणि दडपशाहीच्या कायद्यासाठी लोक त्याला दूषणं देऊ लागले. आजींनी हे लपवलं नाही. "त्या जानेवारीत मात्र तो इथं आला होता," एवढंच म्हणाल्या.

खाडीकाठी दगडावर बसून मी मागं वळून पाहिलं. आम्ही चालून आलो ती वाट आणि तो जानेवारीतला रस्ता इथं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर येतात. एका वेळी मदत करणारा भुकेल्यांच्या दाराशी आला होता. दोन वर्षांनी भुकेल्यांना मदत देणाऱ्याच्या दाराशी चालायला लावलं, ते किती भुकेले आहेत हे मोजायला. सकाळपासून माझ्या पायांना हाच फरक कळत होता.

आजींना त्याहून एक गोष्ट सलते. डूलॉखनंतर जेमतेम दोन महिन्यांनी, जून १८४९ मध्ये, सरकारनं क्वेकरांना १०० पौंड देऊ केले, पुन्हा वाटप सुरू करा म्हणून. समितीनं नकार दिला. कार्यकर्ते थकले होते, आणि लोकांचे जीव वाचवण्याएवढा पैसा उभा करणं, तशी कामं करणं फक्त सरकारलाच शक्य आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. मला ते उत्तर पटतं. दानानं सरकारची जागा भरून काढली की सरकार हात झटकायला मोकळं होतं. आजी म्हणाल्या, "बरोबरच लिहिलं त्यांनी. पण त्या उन्हाळ्यात काहिली थंड पडल्या ना."

यावर मला काही बोलता आलं नाही. समोरच्या उतारावर बटाट्याचे जुने वाफे अजून दिसत होते, गवताखाली उमटलेल्या फासळ्यांसारख्या ओळी, कोणी परत न पेरलेल्या. नवऱ्यानं थर्मासमधला उरलेला चहा तीन झाकणांत वाटला.

तेवढ्यात वरच्या घराकडून एक कुत्रं धावत आलं आणि आमच्यावर जोरजोरात भुंकायला लागलं. नवरा हाड्‌हाड् करायला उठला. आजींनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"भुंकू दे त्याला," त्या म्हणाल्या.