काकदृष्टी

कॅमेरा घरी आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मुहूर्त मी काढला नव्हता, पण आईनं तो वाया जाऊ दिला नाही. सकाळी उठून बघतो तर देवापुढच्या पाटावर माझी कोरी बॉडी, शेजारी हातभर लांब लेन्स, दोघांना हळदकुंकू, वर झेंडू आणि आपट्याचं पान. पूर्वी या पाटावर विळी, कात्री आणि बाबांची हत्यारांची पेटी असायची. "तुझं आता हेच शस्त्र," आई म्हणाली. मला भक्तीपेक्षा धास्ती जास्त. हळद फार बारीक असते. फ्लॅश बसवायच्या खाचेत तिचा एक कण शिरला तो शिरलाच. ब्लोअर मारून झाला, ब्रश फिरवून झाला. अजून तो तिथंच आहे.

कॅमेऱ्याचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचं नाव घेतलं की माझ्या मित्रांत लगेच दोन तट पडतात. किंमतही सांगत नाही, कारण घरी सांगितलेली किंमत वेगळी आहे. एवढंच सांगतो, की 45 मेगापिक्सेल, सेकंदाला 20 फोटो, आणि 180-600 मिलिमीटरची झूम लेन्स लावली की सगळं मिळून तीन किलो. तीन किलो बटाटे मंडईतून आणताना काही वाटत नाही. तीच पिशवी डोळ्यासमोर धरायची, श्वास रोखायचा आणि शिंजीर फुलावरून मान वर काढेपर्यंत हलायचं नाही म्हटलं, की खांद्यात नेमकी कुठकुठली हाडं आहेत ते कळतं.

या कॅमेऱ्याला शटरचा पडदाच नाही. सगळं काम सेन्सर आवाज न करता उरकतो. जो 'खट्' ऐकू येतो तो आतल्या इवल्याशा स्पीकरचा, माणसाच्या समाधानासाठी. पक्षी बिचकू नयेत म्हणून मी तो बंद केला, आणि मग फोटो निघतोय की नाही हेच कळेना. एकदा चुकून बोट दाबलेलंच राहिलं आणि चप्पल काढत असताना दाराच्या पायपुसण्याचे 112 फोटो निघाले. आता आवाज सुरू आहे, अगदी हळू. पक्ष्यांना चालतो, असं मी समजतो.

मला थेट ताडोबाला जायचं होतं. बारा-पंधरा वर्षं जंगलं तुडवलेल्या एका मित्रानं ते ऐकून विचारलं, "घराजवळ कावळे आहेत ना? मग दोन महिने तेच काढ." मला अपमान वाटला. एवढं कर्ज काढून कावळा?

पण कावळ्यासारखा मास्तर नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोरचा उजेड मोजतं आणि त्याची सरासरी राखाडीवर आणून बसवतं. त्याच्या लेखी जग म्हणजे एकच मोठी राखाडी भिंत. चौकटभर कावळा घेतला तर तो खूप वेळा धुतलेल्या काळ्या शर्टासारखा येतो. तोच केबलच्या वायरीवर, मागे उघडं आकाश असेल, तर निव्वळ कोळसा. कुठं उजेड चढवायचा आणि कुठं उतरवायचा हे बोटांना कळायला मला तीन आठवडे लागले. मग नाल्यावर बगळा भेटला आणि सगळा हिशेब उलटा. काळ्या पाण्यातला पांढरा बगळा मीटरच्या भरवशावर सोडला की पिसं दिसतच नाहीत, कागद कापून चिकटवल्यासारखा एक पांढरा आकार उरतो. तिथं उतरवायचं. कावळा आणि बगळा सुभाषितांत शेजारी शेजारी बसतात ते ठीक आहे, पण त्यांना एकाच सेटिंगवर बसवता येत नाही.

दुसरा धडा डोळ्याचा. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा आपोआप सापडतो. त्यावर एक बारीक चौकोन येऊन बसतो आणि पक्षी हलला तरी त्याला धरून राहतो. जाहिरातीत तो गरुडावर बसतो. आमच्या गच्चीत काळ्या तोंडावरचा काळा डोळा त्याला सकाळच्या अंधूक उजेडात सापडेना. कावळा एकाक्ष असतो असं लहानपणी ऐकलं होतं. इथं तो एकही मिळेना. दिवाळीआधी कपाट आवरताना आईनं तिची पैठणी हवा लागावी म्हणून गच्चीच्या सावलीत टाकली होती. कावळा उडाला, मी कॅमेरा फिरवला, आणि चौकोन क्षणात जाऊन बसला तो पदरावरच्या मोराच्या डोळ्यावर! सोडेना. येवल्याच्या विणकराचं याहून मोठं कौतुक कुणी केलं असेल असं वाटत नाही.

आणि अंगठा. शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, ही आपली जन्माची सवय. जाणती मंडळी फोकसचं काम तिथून काढून मागच्या बटणाकडे देतात. अंगठ्यानं फोकस धरायचा, तर्जनीनं फोटो काढायचा. म्हणजे बसलेला पक्षी उडाला, मध्ये फांदी आली, तरी ज्याचं त्याचं काम वेगळं राहतं. पटतं. फक्त वीस वर्षांची तर्जनी राजीनामा देत नाही आणि अंगठा रुजू होत नाही.

मित्राची दोन महिन्यांची अट कशीबशी पाळून जानेवारीत भिगवणला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागं पसरलं, आणि आता हिवाळ्यात ते ओसरू लागलं की कडेचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, आणि रोहितांवर आम्ही. उजाडायच्या आधीच कुंभारगावच्या काठावर इतक्या लेन्सा उभ्या होत्या, की पक्ष्यांना वाटावं बगळ्यांची नवी जात आली.

"ऑस्प्रे बघायचा का, सर? त्या खुंटावर बसतोय रोज," नावाडी म्हणाले. ऑस्प्रे म्हणजे मासे धरणारा शिकारी पक्षी, पुस्तकात त्याला कैकर म्हणतात. त्यांच्या तोंडी ऑस्प्रे इतकं सहज बसलंय, की कैकर म्हणताना मलाच परदेशी असल्यासारखं वाटलं. त्यांनी इंजिन बंद केलं, बांबूनं होडी सरकवली. खुंटावर खरंच कैकर होता, पंजाखाली मासा, अजून जिवंत. उजेड कमी होता. पंख थिजवायचे तर सेकंदाचा दोनहजारावा भाग हवा, आणि 600 मिलिमीटरला या लेन्सचं छिद्र एफ 6.3च्या पुढं उघडत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता, 6400च्या वर गेला होता. सगळं मला ठाऊक होतं. सगळं लावून झालं होतं. कैकर उठला, मासा घेऊन अगदी आमच्या डोक्यावरून गेला, आणि मी तर्जनी दाबून धरली.

अंगठा हवेत होता.

"आलं का?" नावाडी काकांनी विचारलं.

"बघतो," मी म्हटलं. फोटोग्राफरांच्या भाषेत 'बघतो' म्हणजे नाही.

"पण तुम्ही पाहिला ना? काय मासा होता! दोन किलोचा तरी." मी मान हलवली. मासा मला आठवत नव्हता. मला फक्त तो चौकोन आठवत होता, आणि तो कैकराच्या डोळ्यावर नव्हता.

पुढं रोहित. चोच उलटी करून पाणी गाळत बसलेले, संथ, कुणाशी काही देणंघेणं नसलेले. शेजारच्या होडीतून आवाज आला, "दादा, उडवा की जरा. पंखातला गुलाबी येत नाही." मला याचा मनापासून राग येतो. ज्याला उडवतात तो पोट भरत असतो, आणि आमचे सेकंदाला 20 त्याच्या तोंडच्या घासातून जातात. आमच्या काकांनी होडी हलवली नाही. पण खरं सांगायचं तर, त्या दुसऱ्या होडीनं रोहित उडवले तेव्हा माझा अंगठा बरोबर बटणावर होता.

संध्याकाळी घरी येऊन कार्ड रिकामं करायला लावलं. दोन हजारांवर फोटो, एकेक 50 एमबीच्या आसपास, म्हणजे शंभर जीबी. एका कवड्या खंड्याचेच 340. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडत थांबतो, आणि मीही थांबलो होतो, बोट न उचलता. फोटो काढणं हे काम नव्हेच, हे मला कुणी दुकानात सांगितलं नाही. काम म्हणजे निवडणं. समोर तेच पाणी, तोच खंड्या, पंख वर, पंख किंचित वर, पंख अगदी किंचित वर.

1920च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक वनाधिकारी शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवायचे. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. रात्रभराला फोटोची एक काच. रोल भरायच्या काळात आपल्यालाही 36चाच शिधा होता. चॅम्पियनना रात्र रिकामी गेल्याचं दुःख होत असेल. तीनशेचाळीसातून एक उचलायचं दुःख त्यांच्या वाट्याला आलं नसावं.

आई तांदळाचं ताट घेऊन शेजारी बसली. तिचं निवडणं भराभर चाललेलं, बघता बघता खडे बाजूला. "सगळे सारखेच तर आहेत रे," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली.

"म्हणून तर."

"हा ठेव. यात तो आपल्याकडं बघतोय."

मी मोठा करून पाहिला. डोळा लख्ख होता. बाकीचे 339 पुसले. चालू केलंच आहे तर मागचंही साफ करू म्हणून कावळ्यांचा फोल्डर उघडला. कठड्यावरचा, चारएक मीटरवरून काढलेला, शेवटी शेवटी मीटर आणि अंगठा जमल्यानंतरचा एक कावळा. 45 मेगापिक्सेल असले की आत आत जाता येतं. मानेची राखाडी पिसं, चोचीवरचा वाळलेला भात, मग डोळा, मग डोळ्याच्या आत.

"थांब," आई म्हणाली. "आत कोणीतरी उभं आहे."

होतं खरं. गच्चीची वाकडी कड, पांढरं आकाश, आणि मधोमध एक काळी आकृती. दोन्ही कोपरं बाहेर, पोट पुढं, आणि तोंडाच्या जागी एक लांब नळकांडं.

आईनं चष्मा वर सरकवून नीट निरखलं.

"अगदी गणपती दिसतोयस," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदळाकडे वळली.