कासवाचा आवाज: कोणता सोडून द्यायचा, कोणता नाही

सांगली-मिरजेत मत्स्यालयाच्या दुकानांतून 'सिंगापुरी कासव' म्हणून जे हिरवे पिल्लू विकले जाते, त्याचा सिंगापूरशी संबंध नाही. ते मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. डोळ्यामागच्या लाल पट्ट्यावरून त्याचे नाव पडले रेड इअर्ड स्लायडर. मुका प्राणी, त्रास नाही, म्हणून लोक ते घरी आणतात आणि पहिली थंडी पडली की टाकीतून टिक्-टिक् यायला लागते. मग शोधाशोध सुरू होते: बोलतंय का? चिडलंय का? भूक लागली का?

बहुतेक वेळा यातले काहीच नसते. कासवाचे घरात ऐकू येणारे जवळजवळ सगळे आवाज हवेचे किंवा आपटण्या-खरवडण्याचे असतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर निम्मी काळजी मिटते: हालचालीबरोबर येणारा आवाज सहसा निरुपद्रवी, पण कासव स्वस्थ बसलेले असताना श्वासाबरोबर येणारा आवाज दुखण्याचा.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो फुस्स आवाज. हात लावला, अंगावर सावली पडली, टाकीतून उचलले, की कासव डोके-पाय आत घेते आणि सापासारखे फुत्कारते. याला राग समजू नका. कासवाच्या फासळ्या पाठीच्या कवचात जुळलेल्या असतात, त्यामुळे आपल्यासारखी छाती फुगत नाही. फुफ्फुसे कवचाच्या छताला लागून असतात आणि श्वास चालतो तो पायांच्या आसपासच्या आणि पोटाच्या स्नायूंवर. डोके-पाय झटकन आत गेले की आतली जागा कमी होते आणि हवा बाहेर ढकलली जाते. तोच तो फुत्कार. घाबरल्याची खूण एवढेच. वरून अचानक उचलण्याऐवजी बाजूने हळू हात आणा, दोन्ही हातांनी कवचाच्या मधल्या भागाला धरा आणि पोटाखाली आधार द्या. फुत्कार बराच कमी होतो.

काचेवर नखांची करकर म्हणजे बाहेर पडायची धडपड. टाकी लहान असली, पाणी घाण झाले किंवा काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले तरी ती ऐकू येते. ढोबळ हिशेब असा: कवचाच्या प्रत्येक इंचामागे 40 लिटर पाणी. आठ इंची मादीला तीनशे लिटरच्या पुढे लागते. दुकानातली प्लास्टिकची नारळाचे झाड लावलेली डबी चार महिन्यांतच अपुरी पडते. वयात आलेली मादी दिवसरात्र कोपरा खरवडत असेल, मागच्या पायांनी उकरत असेल, खाणे टाकले असेल, तर तिला अंडी घालायला जागा हवी आहे असे समजा. नर नसला तरी ती अंडी धरते. ओलसर माती-वाळूचा वीत-दीड वीत खोल टब द्या. दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत आणि ती मरगळली, तर अंडी अडकली असतील. तिथे घरगुती उपाय नको.

रात्रीची ठकठक बहुधा हीटरची असते. कवच काचेच्या हीटरवर आपटते. हीटर फुटला तर पाण्यात करंट उतरतो, म्हणून त्याला जाळीदार आवरण लावा आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. खाताना येणारा कट्-कट् आवाज चोचीचा. पृष्ठभागावर येऊन श्वास घेताना हलकासा 'प्‌' होतो, तोही ठीक. डुबकीनंतर एखादी शिंक, नाकावर एखादा बुडबुडा, हेही सोडून द्या.

आता मुद्द्याचे आवाज. कासव सुकी जागा धरून निवांत बसले आहे, मान बाहेर आहे, आणि प्रत्येक श्वासाला टिक्, बारीक शिट्टी, पक्ष्यासारखी चिवचिव किंवा घरघर येते, तर श्वसनमार्गात संसर्ग असल्याची शक्यता मोठी. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल (छाती-पोटामधला स्नायूचा पडदा) नाही, जोर लावून खोकता येत नाही. त्यामुळे आत साठलेला चिकट स्राव बाहेर निघत नाही आणि हवा त्यातून वाट काढताना वाजते. आजार मुक्काम ठोकून बसतो तोही याच कारणाने.

ऐकायची पद्धत अशी. फिल्टर आणि हवेचा पंप पाच मिनिटे बंद करा, पंखाही बंद. कासव कोरड्या टॉवेलवर ठेवा, फुत्कार ओसरेपर्यंत दूर व्हा. मग मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर ठेवून दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. कासव सलग श्वास घेत नाही. एकदोन श्वास, मग मोठी विश्रांती. म्हणून घाई करून चालत नाही. घरात स्टेथोस्कोप असेल तर कवचावर ओला रुमाल ठेवून त्यावरून लावा. कोरड्या कवचावर नुसती खसखस ऐकू येते. हनुवटीखाली गळा सारखा वर-खाली होतो तो श्वास नव्हे, ते मुख्यतः वास घेणे असते. त्यावरून 'धाप लागली' म्हणू नका.

आवाजाबरोबर आणखी काय दिसते ते पाहा. नाकातोंडातून फेस किंवा चिकट बुडबुडे, मान लांब ताणून तोंड उघडून श्वास, सुजलेल्या पापण्या, खाणे बंद, दिवसभर पाण्याबाहेर राहणे. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे तिरके तरंगणे: एका फुफ्फुसात स्राव भरला की ती बाजू जड होऊन बहुधा खाली कलते. पोटातल्या वायूनेही कासव तिरके होते, पण तेव्हा श्वास वाजत नाही. तोंड उघडून श्वास आणि तिरके पोहणे एकत्र दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन लावा.

हे होते कशाने? आपल्याकडे पहिले कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी रात्रीचा पारा 13-14 अंशांपर्यंत येतो, महाबळेश्वर-पाचगणीकडे आणखी खाली. पाणी 24 ते 26 अंश हवे, पिल्लांना 26 ते 28, आणि ऊन शेकायच्या जागी 32 च्या आसपास. लिटरला साधारण एक वॉट या हिशेबाने हीटर घ्या, थर्मामीटर वेगळा लावा. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. एक चूक घरोघरी दिसते: पाणी कोमट पण वरची हवा गार. कासव पाण्यात ऊब घेते आणि नाक वर काढून गार हवा ओढते. टाकीवर अर्धे झाकण ठेवा, अर्ध्यावर जाळी. वीज जाते तिथे तीन बाजूंनी थर्माकोल लावा. पाणी गार झाले म्हणून बादलीभर गरम पाणी ओतू नका. तापमानाचा झटका थंडीइतकाच वाईट.

दुसरे कारण खाणे. बरणीतली सुकी कोळंबीच फक्त घालत राहिले की अ जीवनसत्त्व कमी पडते, श्वसनमार्गाचे आणि डोळ्यांचे अस्तर खराब होते, पापण्या सुजतात आणि जंतूंना वाट मिळते. चांगल्या गोळ्या, सोबत शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, अधूनमधून गांडूळ. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मनाने देऊ नये, जास्त झाले तर कातडी सोलवटते. तिसरे कारण ऊन न मिळणे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन कामाचे नाही, काच अतिनील किरण अडवते. उघडे सकाळचे ऊन किंवा तसेच अतिनील किरण देणारी यूव्हीबी ट्यूब, आणि ट्यूब उजेड देत असली तरी ठराविक मुदतीने बदलायची.

संशय आल्यावर डॉक्टर मिळेपर्यंत एवढेच करा: पाणी दिवसभरात हळूहळू 28 पर्यंत न्या, उथळ करा, शेकायची जागा कोरडी ठेवा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन लिहा. मेडिकलमधून आणलेली उरलीसुरली अँटिबायोटिक नको. आणि आयव्हरमेक्टिन तर मुळीच नको. कुत्र्या-म्हशींच्या जंत-गोचिडांवर ते सर्रास चालते, कासवाला मात्र जीवघेणे ठरते. डॉक्टर गाई-म्हशींचेच बघणारे असतील तर स्वतःहून आठवण करून द्यायला लाजू नका. इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायात देतात, कारण मागच्या भागातले रक्त मूत्रपिंडाकडून जाते. गावात कासव पाहणारे कोणी नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करा. मोबाइलमधला तो व्हिडिओ सोबत न्या, कारण टेबलावर ठेवलेले कासव हटकून फुत्कारते आणि टिक्-टिक् ऐकूच येत नाही.

उन्हाळ्यात गोष्ट उलटी होते. एप्रिलात गच्चीवरच्या उथळ टबातले पाणी दुपारी बारालाच तापते. तोंडाला फेस, सुसाट धडपड, उघडे तोंड, हे सर्दीचे नव्हे, उष्माघाताचे. सावलीत आणा आणि साध्या पाण्यात ठेवा, बर्फ घालू नका.

मग कासव खरेच बोलत नाही का? बोलते. 2022 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात कासवांच्या 50 जातींचे आवाज नोंदवले आहेत. त्यातल्या अनेक मुक्याच समजल्या जात. ॲमेझॉनच्या नदीतली मोठी कासवे आणि त्यांची पिल्ले पाण्याखाली खालच्या सुरात आवाज काढतात. पण त्यासाठी पाण्यातला माइक लागतो. हॉलमध्ये सोफ्यावरून ऐकू आलेली चिवचिव म्हणजे तुमच्याशी गप्पा, असे धरून दोन आठवडे घालवू नका. जमिनीवरच्या कासवांचे नर मीलनाच्या वेळी जोरात घोगरे ओरडतात, हा एक खरा अपवाद.

तो आवाज ऐकायला म्हणून स्टार कासव मात्र आणू नका. ते आणि आपल्या नद्या-तळ्यांतली कासवे पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. स्टार कासव 2019 पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्येही, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. कृष्णेचे पाणी चढले की मऊ पाठीची कासवे वाट चुकून अंगणात, उसाच्या सरीत सापडतात. तीही फुत्कारतात, आणि मान वळवून कडाडून चावतात, म्हणून तोंडाजवळ हात नेऊ नका. ओले गोणपाट टाकून घमेल्यात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. कंटाळा आलेला स्लायडर मात्र कधीच नदीत सोडू नका. तो तिथे जगतो, आणि शेकायच्या दगडापासून खाण्यापर्यंत इथल्याच कासवांचे हिसकावतो.